उपाशीपोटी

साडेसहाला मी शटर वर करते
त्याआधीच पायरीवर निमोणकर बसलेले असतात.
कधीपासून, ते विचारायचं नाही.
डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली,
हात मांडीवर उताणा,
सुई वाटेत आहे, इतक्यात पोचेल, असा.

कर्वे रस्त्यावरून एखादीच बस गेलेली,
समोरच्या अमृततुल्यात पहिलं आधण
आणि इथं सगळे उपाशी.
उपाशी माणूस फार खरा वागतो.

एकोणीस वर्षं मी रक्त काढते.
शीर सापडायला दोन सेकंद लागतात,
माणूस सापडायला त्याहून कमी.
खुर्चीत टेकण्याआधीच कळतं
कुणाला दुखणार आहे.

सुई तर तीच. मुंगी चावते तेवढीच चावते.
पण हेमलता कांडग्यांना ती सोमवारपासूनच चावत असते
आणि त्या येतात गुरुवारी.
रात्रीतून तीनदा उठून त्यांनी तो रिपोर्ट वाचलेला असतो
जो अजून त्यांच्या अंगातच फिरतोय.
"वाईटच असणार," म्हणतात.
नॉर्मल आला की लॅब बदलतात.
दर वर्षी पुन्हा आमच्याकडेच येतात.

मंडईतला तो बागवानांचा मुलगा, कांद्याच्या गाळ्यावरचा,
"ताई, दोन बाटल्या भरा, एक तुम्हाला ठेवा," म्हणाला
आणि टोचताक्षणी खुर्चीतून घसरला.
पाणी मारल्यावर पुन्हा तेच हसू,
मधलं पान फाडून टाकल्यासारखं.
त्याचा रिपोर्ट चार महिने ड्रॉवरमध्ये पडून आहे.
चांगला आहे.
फोन केला तर म्हणाला, "मला माहितीच होतं."

माझे बाबा सहाच्या एसटीसाठी
चारला स्वारगेटला जाऊन उभे राहायचे.
आई सुटलेल्या गाडीमागे धावत दांडी पकडायची
आणि आत येऊन म्हणायची, मिळाली की नाही?
गाडी दोघांनाही मिळायची. नेहमी.
मी घरातून लवकर निघते
आणि मग वाटेत रेंगाळते.

मार्चमध्ये गळ्यापाशी गाठ लागली हाताला.
यास्मिन म्हणाली, बस, मीच घेते.
बसताना कुतूहल होतं, मी कोण निघणार?
कांडगेबाई? बागवान?
आणि ऐकलं तर मी सांगत होते:
पट्टा जरा वर बांध,
ही शीर सरकते, खालून अंगठा दाब,
लेबलवर वय लिहायचं राहिलंय.
"ताई," यास्मिन म्हणाली, "आज तू पेशंट आहेस."
मी म्हटलं, हो, पण कापूस संपत आलाय.

संध्याकाळी प्रिंटरमधून कागद आला, पालथा.
मी तो तसाच घडी करून पर्समध्ये टाकला.
उद्याच्या बाटल्या लावल्या.
फ्रीजचं तापमान वहीत लिहिलं.
एकोणीस वर्षं लोकांना सांगत आलेय,
बघून घ्या, उगाच जीव टांगणीला कशाला?

आज सहालाच आले.
किल्ली मुठीत होती, शटर खाली.
निमोणकरांनी पिशवी उचलून जागा केली,
काही विचारलं नाही.
मीच विचारलं, इतक्या लवकर कशाला येता हो?
ते म्हणाले, लवकर आलं की
उशीर व्हायची भीती तिथंच संपते.
मग नुसतं बसायचं.

समोर पातेल्यावर झाकण थडथडत होतं.
एक माणूस चहा न घेता पुढे गेला,
चार पावलं जाऊन परत फिरला.
पर्स मांडीवर होती.
थोड्या वेळानं लक्षात आलं,
बोलता बोलता मी
डावी बाही दुमडत होते.